खळ्यावरचे सात चेंडू

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे खळ्यावर सात चेंडू मारले. मारले तिनं. मी मोबाईलात बघत होतो.

चेंडू गोल्फचे. खळं आमच्याच दारापुढचं, भात झोडायचं. पोलादपूरच्या वर डोंगराच्या अंगाला आमचं गाव, तिथं हा म्हातारा गोल्फ कसला खेळतो असं कुणीही विचारील. विचारतात. ते पुढं सांगतो. आधी खळ्याचं सांगतो, कारण शाळेच्या गुरुजींनी मला खळ्यावरच लिहायला सांगितलंय. म्हणाले, "आजोबा, आता शेतातच मशीन येतं, भात झोडून पोत्यात भरून देतं. खळं कसं करायचं ते मुलांना ठाऊक नाही. चार ओळी लिहून द्या." मी चौथी शिकलेला माणूस. चार ओळी लिहायला बसलो आणि हे निघालं. गुरुजींना छापायचं तर छापावं, नाहीतर बंबात घालावं.

दिवाळी सरली, भात कापून झालं, की शेतांना एक वास सुटतो. कापलेल्या धाटांचा, ओलसर, थोडा गोड. सकाळी सावित्रीवर धुकं पडलेलं असतं आणि खालच्या फाट्यावर महाडच्या कारखान्यांची पाळीची बस दोनदा हॉर्न देऊन निघून जाते. तो हॉर्न वाजला की माझी बायको अनुसया चोपणं घेऊन खळ्यात उतरायची. पावसात उगवलेलं गवत मी खरवडून काढलेलं असायचं, माती उकरून पाणी मारलेलं असायचं. दोन दिवस ती माती मुरली की तिच्यावर लाकडी चोपणं बसायचं. ढप. ढप. भेगा बुजेपर्यंत. मग शेणानं सारवण. खणायचं काम पुरुषाचं, चोपायचं-सारवायचं बाईचं. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही. पुरुषानंच ठरवलं असणार.

खळ्याच्या मधोमध पूर्वी मेढ असायची, तिला बांधून बैल फिरवायचो. बैल विकले, मेढ काढली, तिचा खड्डा राहिला. त्या खड्ड्यात मी नारळाची करवंटी बसवली. गोल्फच्या होलाला करवंटी बरोबर येते.

आमच्या बाजूची माणसं मुंबईला गिरणीत गेली, हॉटेलात गेली, पोलिसात गेली. मी मामेभावाच्या मागून एका गोल्फ क्लबात गेलो आणि अडतीस वर्षं साहेबांच्या पिशव्या वाहिल्या. कॅडी. पिशवी वाहणं हे त्यातलं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे वाचणं. गवत कुणीकडं झुकलंय, पाणी कुठं निथळत असेल, चेंडू शेवटच्या हातभरात कुणीकडं वळेल. मी पायाच्या तळव्यानं ओळखून सांगायचो. "साहेब, दोन कप डावीकडून, हळू." कप म्हणजे होलाची रुंदी. साहेब मारायचा, चेंडू आत जायचा, टाळ्या साहेबाला. बाहेर गेला तर शिवी मला.

साहेबही वाचावा लागतो. घरून भांडून आलेला कोण, रात्री जास्त झालेली कुणाला, कुणाचा खांदा आखडलाय. एकदा सातव्या होलावर एक साहेब पटर, म्हणजे होलाजवळ चेंडू ढकलायची काठी, हातात घेऊन उभा राहिला आणि मला त्याचा घाम दिसला. डिसेंबरातली सकाळ, आणि वरच्या ओठावर घाम. म्हणाला, "कॅडी, आज हाथ भारी लग रहा है." मी पिशवी टाकली, त्याला गवतावर बसवला आणि गाडी बोलवायला धावलो. वाचला. नंतर त्यानं मला मनगटातलं घड्याळ काढून दिलं. ते अजून चालतं. हे लिहिताना हातात आहे.

ते घड्याळ मी गावात सगळ्यांना दाखवलं होतं. हात जड होणं आणि थंडीत घाम येणं म्हणजे काय, हे मी चावडीवर बसून माणसांना समजावून सांगितलं होतं. अनुसयेलाही सांगितलं होतं. तिनं घड्याळ फिरवून बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता तरी जेवायला वेळेवर या."

क्लबात वर्षातून एक दिवस कॅडी लोकांचा असतो. म्हाताऱ्या, घरी बसलेल्या कॅडींनाही बोलावतात आणि आमची नुसती पटिंगची, पटरनं चेंडू होलात घालायची, स्पर्धा घेतात. बारा वर्षांपूर्वी मी त्यात शेवटपर्यंत पोचलो होतो. शेवटचा चेंडू दीड हातावरून मारायचा होता. शेंबडं पोर मारील असला. माझा उजवीकडून गेला. सगळे साहेब, सगळे कॅडी बघत होते. मागून एक जण बोलला, "काय रे, साहेबांना दोन-दोन कप सांगतोस, स्वतःला एक कप दिसला नाय?" हसले सगळे. मीपण हसलो. घरी येताना पनवेलपासून पोलादपूरपर्यंत एसटीत मनात तोच फटका मारत आलो. त्यानंतर दर वर्षी गेलो आणि दर वर्षी तसाच मारला, उजवीकडून.

माझा मुलगा महेश नव्या मुंबईत गोल्फ शिकवतो. त्यांच्याकडे शिकणाऱ्याचा हात मशीन बघतं. गणपतीला आला तेव्हा अंगठ्याएवढं एक यंत्र घेऊन आला, जुनं झालेलं.

"बाबा, हे पटरच्या दांड्याला लावायचं. फटका मारला की मोबाईलवर सगळं येतं."

"सगळं म्हंजे?"

"हात मागे किती वेळात गेला, पुढे किती वेळात आला, चेंडूला लागताना पटरचं तोंड सरळ होतं का वाकडं. सरळ असलं की हिरवी रेघ, वाकडं असलं की लाल."

"आणि चेंडू आत गेला का नाय?"

"ते बघायला तुमचे डोळे हायत ना."

आतून अनुसया बोलली, "डोळे हायत रे, पन गोठ्यातली वैरण संपली ती दिसत नाय त्यांना. ते पन सांगंल काय तुझं यंत्र?"

महेशनं मोबाईलात दोन नावं घातली. बाबा आणि आई. मी म्हटलं, तिचं कशाला. तो म्हणाला, असू दे, दोन नावं बसतात. मग त्यानं एक नियम सांगितला. एका नावाखाली शेवटचे वीसच फटके राहतात. एकविसावा मारला की पहिला आपोआप पुसला जातो. "म्हणून काही दाखवायचं असलं तर मी येईपर्यंत विसाच्या पुढे खेळू नका हां," म्हणाला. मी मान हलवली. आईच्या नावाखालची जागा दोन महिने रिकामी होती.

मशीनबद्दल खोटं बोलणार नाही. त्यानं मला आठ दिवसांत जे सांगितलं ते अडतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चेंडूला लागायच्या अगदी आधी माझा उजवा हात ढकलतो आणि पटरचं तोंड उजवीकडं उघडतं. जमिनीचा दोष नव्हता, नशिबाचा नव्हता. लाल रेघ, रोज तीच, तेवढीच. दुसरी खोड तालाची. हात मागे जायला दोन मोजावे आणि पुढं यायला एक. माझे मागे तीन आणि पुढं एक व्हायचे. भ्यालेल्या माणसाचा ताल, महेश फोनवर म्हणाला.

तो ताल मला सापडला खळ्यातच. अनुसया चोपत होती. तिचं चोपणं वर जायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्यात खाली यायचं. मागे दोन, पुढे एक. मी कडेला पटर घेऊन उभा राहिलो आणि तिच्या ढप-ढपवर मारायला लागलो. रेघ हिरवी आली. परत मारला, परत हिरवी.

खळं चोपून झालं होतं. ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"थांबू नको गो," मी म्हटलं. "अजून जरा चोप. ताल बसतोय."

"अवो, दगड झाली माती. अजून काय चोपू?"

"चोप म्हणतो ना."

तिनं चोपलं. एक दिवस नाही, चार दिवस. झालेलं खळं ती माझ्या फटक्यासाठी चोपत राहिली. तिचा डावा खांदा कापणीपासून दुखत होता. रात्री तेल लावायची आणि म्हणायची, एकदा सवला जाऊन येऊ, गरम कुंडात खांदा शेकला की मोकळा होईल. सव काय लांब आहे. महाडला उतरायचं आणि तिथून रिक्षा. मी म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग जाऊ, दोन दिवस राहू. राहू म्हटल्यावर ती हसली. आम्ही कधी कुठं राहिलो नव्हतो.

तळीयेची दरड कोसळली तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक माणूस पावसात डोंगराकडं बघतो. ओहोळाला पाणी गढूळ आलं का, झाड कललं का, शेताला भेग गेली का. एवढीशी भेग दिसली तरी तलाठ्याला फोटो जातो. चार महिने सगळं गाव डोंगर वाचत असतं. मीही वाचतो, आणि मला तर वाचायची सवय. पण पाऊस संपला की आपण मान खाली घालतो, आपल्या कामाला लागतो.

त्या दिवशी तिनं खळं सारवून दोन दिवस झाले होते. वाळून काचेसारखं झालं होतं. उन्हं कलली होती. मी मारत होतो आणि ती कडेला पायली घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत होती. एकाएकी पायली खाली ठेवून उठली.

"द्या बघू इकडं. रोज टुकटुक टुकटुक. काय हाय तरी त्यात बघते."

मला गंमत वाटली. मोबाईलात आईचं नाव काढलं आणि पटर तिच्या हातात दिला. तिनं पदर खोचला. कसं उभं राहायचं, कुठं बघायचं, काही विचारलं नाही. हात मागे नेला आणि पुढं आणला, जसा सारवताना नेतात तसा. चेंडू सरळ करवंटीत.

मी मोबाईल बघितला. मागे दोन, पुढे एक. रेघ हिरवी. कुठंही कंप नाही. चाळीस वर्षं जमीन सारवणारा हात तो, कंप कुठून येणार. मला राग आला हे खरं सांगतो. दोन महिने मी जे शोधत होतो ते तिच्याकडं फुकट होतं.

"नशीब," मी म्हटलं. "परत मार."

दुसरा आत. तिसरा आत. "हे तर लेकराचं काम हाय," ती म्हणाली. "याला अडतीस वर्सं लागली व्हय तुम्हाला?"

चौथ्याला ताल बिघडला. मला आत कुठंतरी बरं वाटलं. पाचवा करवंटीच्या कडेनं गेला. तिनं पटर उजव्या हातात घेऊन डावा खाली सोडला, झटकला.

"हात जड झालाय ओ."

मी मोबाईलातून मान वर काढली नाही. "जड नाय, मूठ आवळतेस तू. सैल सोड. आता रेघ बघ, लाल आली."

सहावा. लाल. सातवा अर्ध्यातच थांबला. मोबाईलवर तिचा हात दिसत होता, रेघेचा, मागे पाच मोजावे आणि पुढं ओढत आणलेला. असला फटका मी त्या मशीनवर कधी बघितला नव्हता. मी तिला तो मोबाईल दाखवला. मान वर करून तिच्या तोंडाकडं न बघता दाखवला. म्हटलं, "बघ, लक्ष नाय तुझं. तोंड उघडं पडलं पटरचं."

"तोंड तर तुमचंच उघडं असतंय दिवसभर," ती म्हणाली आणि खळ्याच्या कडेला बसली. पदरानं तोंड पुसलं. वाऱ्याला गारवा होता. पदरानं काय पुसलं ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बघितलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं.

"चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. मी परत माझं नाव काढलं आणि मारायला लागलो. अकरा मारले. बारावा मारायच्या आधी आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

शेजारच्या गणूनं टेम्पो काढला. पोलादपूरला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती आणि पोचलो तेव्हा नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, आधी काही तक्रार होती का? छातीत दुखणं, हात जड होणं, घाम?"

गणू शेजारी उभा होता. घड्याळाची गोष्ट त्यानं चावडीवर दहा वेळा ऐकली होती.

मी म्हटलं, "नाय. कायच नाय."

यंदा परत भात कापून झालं. मशीन आलं होतं, एका सकाळीत सगळं आटपून गेलं. खळ्याची गरज नव्हती, तरी मी केलं. गवत खरवडलं, चोपलं, सारवलंही. पुरुषाच्या हातचं सारवण, त्यात बोटांचे वरंबे उठलेत. चेंडू सोडला की उड्या मारत जातो. पावलानं वाचावं असं त्यात काही नाही, नुसते खड्डे. तारावैनी कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "भावजी, उठा आता. अनुसया बघंल तर हसंल." मी म्हटलं, हसू दे.

गावात माझं नाव झालंय. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारा खळ्यात उतरून तिच्या नावानं चेंडू मारत होता, असं सांगतात. एवढी माया होती, म्हणतात. नव्या सुनांना सांगतात. कुणाच्या घरी भांडण झालं तर माझा दाखला देतात. महेशनं दहाव्यानंतर मोबाईल उघडला, आईच्या नावाखाली त्या सकाळचे वीस फटके बघितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आईच्या नावावर मारलेत ना, बाबा. कळलं मला." मग डोळे पुसून विचारलं, "आई कधी खेळली होती का हो याच्यावर?"

मी म्हटलं, "नाय."

परवा त्याचा फोन आला. "बाबा, जानेवारीत स्पर्धेला येताय ना? यंत्र चार्ज करून ठेवा. आईचं नाव मी काढलेलं नाय, तसंच ठेवलंय." म्हणून हे लिहितोय. गुरुजींच्या खळ्याचं निमित्त झालं. महेश, हे तू वाचशील तेव्हा फोन करू नको. ये तर सरळ घरी ये, नाहीतर येऊ नको. मला तोंडानं सांगता आलं नाही. अकरा वर्षं एका चेंडूची लाज बाळगली, ही बाळगायला तेवढी वर्षं आता नाहीत माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते असं.

ती ओटीवर होती. बायका बसल्या होत्या. महेश मुंबईहून निघाला होता, तो आला की न्यायचं होतं. तो आल्यावर माझा मोबाईल घेईल हे मला माहीत होतं. आला की पहिला तोच बघतो, बाबांचा हात सुधारला का. आईच्या नावाखाली त्याला सात दिसले असते. तीन हिरवे आणि पुढं खाली खाली जाणारे चार. रोज लोकांचे हात वाचून पोट भरतो तो. सातवा बघून त्याला कळलं असतं. वेळ बघून कळलं असतं की मी समोर उभा होतो.

एक-एक पुसायची सोय त्यात असेल, मला ती येत नव्हती. मला नियम तेवढा माहीत होता. वीसच राहतात.

पाळीच्या बसचा हॉर्न झाला. मी पटर घेतला आणि खळ्यात उतरलो. आईचं नाव काढलं आणि मारायला लागलो.  आतून एक बाई दारात येऊन उभी राहिली, मग दुसरी. "डोक्यावर परिणाम झाला गो," कुणी म्हणालं. तारावैनी म्हणाल्या, "मारू द्या. तिचाच तर विचार करतायत." मी मान वर केली नाही.

तेरा झाले तेव्हा वीस भरले, सात तिचे आणि तेरा माझे. चौदावा मारला तसा तिचा पहिला गेला. तो, जो पदर खोचून मारला होता आणि सरळ करवंटीत पडला होता. मला फक्त तिचा शेवटचा घालवायचा होता. पण जो आधी येतो तोच आधी जातो, तिथं दुसरी वाट नाही. पंधराव्याला दुसरा गेला. सोळाव्याला तिसरा, लेकराचं काम हाय म्हणाली होती तो. मी थांबू शकलो असतो. तिचे चार उरले होते, वाईट का होईना तिच्या हातचे. सतरा. अठरा. एकोणिसाव्याला खालच्या वळणावर महेशची गाडी दिसली.

विसाव्याला हात जरासुद्धा हलला नाही. मागे दोन, पुढे एक. चेंडू तिच्या सारवणावरून सरळ गेला आणि करवंटीत पडला. मी मोबाईल बघितला. रेघ हिरवी होती. अकरा वर्षं मी तोच फटका शोधत होतो.